मन मोठं करायला आम्हीच का?

फोनवर कुणी तडजोडीचा शब्द काढला की काकू चष्मा डोक्यावर सरकवायच्या आणि रिसीव्हरवर तळहात दाबून मला मराठीत म्हणायच्या, "मन मोठं करा म्हणतायत. दर वेळी आम्हीच का?" मग हात काढून गोड इंग्रजीत, "सिनेटरसाहेबांना निरोप देते हं." तो निरोप काही पोचायचा नाही.

काकू मूळच्या नागपूरच्या. वकिली शिकून लग्नानंतर इकडे अमेरिकेत आल्या. आमच्या राज्याच्या सिनेटमधल्या एका सिनेटरचं कार्यालय त्या सांभाळायच्या. मी तिथे आलेल्या पत्रांची नोंद ठेवायचो. कार्यालयात मराठी आम्ही दोघंच. कोथिंबीर स्वस्त झाली की त्या सांबारवडी करून आणत आणि मजल्यावरच्या सगळ्यांना वाटत. समोरच्या पक्षाच्या लोकांना मात्र एक तुकडा मिळायचा नाही.

त्या पक्षाच्या नेत्याबरोबर त्या लिफ्टमध्येही चढत नसत. दुखऱ्या गुडघ्यानं चार मजले चढायच्या. मी ओरडलो की म्हणायच्या, "गुडघा दुखू दे. ते तोंड तर बघावं लागत नाही!"

असा दात धरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. पण काकूंच्या रागाला कारण होतं. इथे येण्याआधी चौदा वर्षं त्या एका न्यायाधीशांच्या सेक्रेटरी होत्या. आमच्या पक्षाचा गव्हर्नर असताना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयासाठी त्या साहेबांचं नाव पुढे आलं. आमच्याकडे अशा नेमणुकीला सिनेटची दोन तृतीयांश मतं लागतात, त्यामुळे अल्पमतातला पक्षही ती अडवू शकतो. समोरचे तेव्हा अल्पमतात होते. त्यांनी साहेबांना भेटायलासुद्धा नकार दिला. वर्षभर टांगून ठेवलं. साहेब रोज टाय बांधून बोलावण्याची वाट बघायचे. शेवटी त्यांनी स्वतःच नाव मागे घेतलं आणि निवृत्त झाले. त्यांची पुस्तकं खोक्यांत भरली ती काकूंनी.

तीन वर्षांनी फासे उलटले. गव्हर्नर त्यांचा, अल्पमतात आम्ही. त्यांनी एका न्यायाधीश बाईंचं नाव पाठवलं. बाई मवाळ, सरळ, कुणाचंही ऐकून घेणाऱ्या. आमच्या पक्षातले बरेच जण हो म्हणायला तयार होते. बदल्यात खालच्या न्यायालयांत आमची दोन माणसं बसणार होती. अडलं होतं आमच्या सिनेटरांच्या मतावर, आणि ते काकूंना विचारल्याशिवाय पाऊल टाकत नसत.

"काकू, बाई चांगल्या आहेत," मी म्हणालो. "ह्या गेल्या तर पुढचा माणूस कडक येईल."

"आमचे साहेब वाईट होते?"

"नव्हते. पण ह्यांनी काय केलंय?"

"काही नाही. साहेबांनी तरी काय केलं होतं? एकदा मुकाट्यानं सोडून दिलं ना, की समोरच्याला कळतं, ह्यांना मारलं तरी चालतं."

त्याच आठवड्यात साहेबांचं पत्र आलं. हातानं लिहिलेलं. बाई एके काळी त्यांच्या विद्यार्थिनी होत्या. 'माझ्या वेळचं मनात ठेवू नका, हिला मत द्या,' एवढाच मजकूर. मी ते सिनेटरांच्या फाइलमध्ये ठेवलं. दुसऱ्या दिवशी फाइलमध्ये पत्र नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांनी नजर वळवली नाही. मी गप्प बसलो. ते आजही मला टोचतं.

नेमणूक एका मतानं पडली. काकू दिवाळीची जांभळी साडी नेसून गॅलरीत बसल्या होत्या. खाली येताना समोरच्या पक्षाचे ते नेते लिफ्टमध्ये दिसले, तर काकू मुद्दाम आत शिरल्या. मागोमाग मी.

"आता बरं वाटलं?" नेत्यांनी विचारलं.

"खूप," काकू म्हणाल्या. इतकं तृप्त मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दोन दिवसांनी साहेबांचा फोन आला. काकूंनी हौसेनं स्पीकर लावला, मला खुणेनं जवळ बोलावलं.

"माझं पत्र पोचलं नाही का?" साहेबांनी विचारलं.

काकूंना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "पोचलं. मीच काढून ठेवलं. तुमच्यासाठी, साहेब."

"मी हे मागितलं नव्हतं," एवढं बोलून साहेबांनी फोन ठेवला.

त्याच दुपारी काकूंनी सिनेटरांना सगळं सांगून राजीनामा दिला. माझं नाव घेतलं नाही. महिन्याभरात त्या मुलीकडे सनीव्हेलला गेल्या.

पुढचा माणूस खरंच कडक आला. लोक एव्हाना भांडून दमले होते, आमच्या पक्षानं मुकाट्यानं त्याला मतं दिली. मी रागानं काकूंना फोन केला. "बघा, काय झालं ते!"

"पत्र दडवलं ते चुकलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "नाही म्हटलं ते नाही चुकलं. उद्या वेळ आली तर परत म्हणेन."

मी विषय बदलला. "साहेब बोलतात का?"

"दर रविवारी फोन लावते. नुसता वाजत राहतो." मग त्या म्हणाल्या, "उचलू नयेच त्यांनी. त्यांच्या जागी मी असते तर मीही उचलला नसता."