न विचारणारी फ्लॉपी

आधी चहा संपवा, मग सांगतो. नाहीतर हसताना ठसका लागेल आणि वर माझ्याच नावानं बोंब होईल!

नव्वदचं दशक संपत आलं होतं. माजलगावात माझा कॉम्प्युटर क्लास. कॉम्प्युटर तीन, रंगीत मॉनिटर एकच. पण ऐट अशी, की कॉम्प्युटरचा शोध मीच लावलाय! त्यात एका मासिकाबरोबर विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्सची सीडी फुकट आली. बसवताना ती विचारायची, मॉनिटर कोणता, त्याला किती वेग झेपतो? भलताच निवडला तर जुना मॉनिटर जळायचासुद्धा.

आता आमच्या लोकांना हे विचारायचं? माउस उलटा धरू नका हे ज्यांना रोज सांगावं लागतं, त्यांना? छे! मी आठवडाभर खपून लिनक्स बसवणारी एक फ्लॉपी बनवली. प्रश्नच गायब! क्लासातल्या रंगीत मॉनिटरचे वेगाचे आकडे आतच पक्के करून टाकले. विचारलंच नाही तर येडे चुकतील कसे?

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बियाण्यांचे दुकानदार शिवाप्पा. दुकानातल्या कॉम्प्युटरला त्यांनी लातूरच्या मेव्हण्याचा जुना मॉनिटर लावला होता; फ्लॉपी घेऊन मी तिथंच गेलो. आप्पांची सवय अशी, की लेबलावरून बोट फिरवून वाचल्याशिवाय बियाण्याची पिशवी उघडायचे नाहीत. इथंही मॉनिटरच्या मागं डोकं घालून बसले.

"सर, हितं आकडे लिव्हल्यात. वाचू का?"

"आप्पा, हे सरकीचं बियाणं नाही! तुम्ही नुसतं बघा."

"आवो, पन माल कंचा हाय ते बगाया नगं का?"

"माझ्या फ्लॉपीला सगळं कळतं!"

मी ऐटीत एन्टर दाबलं. मॉनिटरनं बारीक शिट्टी धरली.

"सर, ही शिट्टी कावून वाजायली?"

"सुरू होतोय तो!"

सुरू कसला डोंबलाचा? दोन आडव्या रेघा, मग फट्‌ आणि जळका वास! आप्पांनी शांतपणे मागचं लेबल वाचून दाखवलं. माझे आकडे त्याच्या दुप्पट होते. येडा कोण, ते दुकानातल्या सगळ्यांना कळलं. लाजेनं मेलो हो!

आता आप्पांना तोंड कसं दाखवायचं? भरपाई म्हणून क्लासातला एकुलता एक रंगीत मॉनिटर रिक्षात घालून आणला. आप्पांनी आधी त्याचं लेबल वाचलं. मी घाबरत घाबरत एन्टर दाबलं. काय झकास चित्र उमटलं!

आप्पांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "उगंच घाबरलात, सर. फ्लॉपी लई बेस हाय. तिला फकस्त तुमचा मानिटर लागत हुता!"