चामोर्शीचं बिनसरकारी केंद्र

खुर्शीद मिस्त्रीच्या पाटीवर कंदील, स्टोव्ह आणि सायकल अशी तीन चित्रं होती. पण बाजाराच्या दिवशी सगळी चामोर्शी त्या दुकानाला रेडिओचं टेशन म्हणायची. कौलांवर बांबू, बांबूवर भोंगा, भोंग्याची वायर खाली पेटीत, आणि पेटी मोटारीच्या बॅटरीवर. गावात वीज अजून यायची होती. बॅटरी दर आठवड्याला मोटारीच्या टपावर बसून वैनगंगेपलीकडे चांद्याला जायची, पोट भरून परत यायची आणि दोन तास बोलायची. मग तिचा आवाज म्हाताऱ्यासारखा खोल जाई.

"हे चामोर्शी केंद्र हाये," खुर्शीद माइक ओठांशी धरून सुरू करी. "सरकारचं नाई, शेटजीचं नाई. ज्याले आवडन त्याचं."

"अन् ज्याले नाई आवडन त्यानं आपले कान कुठी ठेवाचे?" भोंग्याखाली सुकी मासळी घेऊन बसणारी गुणाबाई खालून विचारी.

"तुमच्या टोपलीत, गुणाबाई. वासानं आपोआप मिटतीन."

बाजार हसे आणि केंद्र लागे.

तिथं काय नसे? दंडारीच्या खेळात बायकांची कामं करणारा सुकलू येऊन, मिशी केव्हा काढतो आणि रडू कुठून आणतो, ते सांगून गेला होता. आणि सत्तावन सालच्या उन्हाळ्यात खुर्शीदला एक नवीनच वेड लागलं होतं. बल्लारशाच्या रेल्वे कॉलनीतल्या एका गार्डसाहेबाचे कंदील त्यानं दुरुस्त केले. साहेबानं बदलीवर जाताना एक काळी तबकडी दिली. मधला कागद घासून गेलेला, गाणाऱ्याचं नाव नाही. पण चावीच्या ग्रामोफोनवर सुई टेकली की आतून असा ठेका उसळे, की दुकानातल्या कंदिलांच्या काचा किणकिणत. याला रॉक म्हणतात, एवढं साहेब सांगून गेला होता; आणि त्याची जन्मकथाही.

ती कथा खुर्शीद भोंग्यावरून दर आठवड्याला थोडी थोडी सांगे. "तिकडे अमेरिकेत काळी माणसं होती. गुलाम. कापूस वेचता वेचता गात. त्या गाण्यातून गाणं निघालं, त्याच्यातून हे निघालं."

"कापूस वेचणारे?" गुणाबाई म्हणे. "मंग वरोऱ्याकडचेच असतीन. माह्या बहिणीले इचारते."

हे सगळं हसण्यावारी जाई, पण एक गोष्ट खुर्शीदनं कुणाला सांगितली नव्हती, फक्त बायकोला, सुलतानाला. नऊ वर्षांचा असताना तो बापासोबत बैलबंडीतून भामरागडला गेला होता, लाकडाच्या डेपोतले कंदील नीट करायला. परतताना पहाटे, गवतात अर्धवट झोपलेला असताना, नदीपलीकडून ढोल ऐकू आला. धुक्याला कुणी आतून थापटत असावं तसा. बापानं सांगितलं, तो पोचू नावाच्या माडिया ढोलवाल्याचा हात आहे. तो ठेका तीस वर्षं त्याच्या छातीत लपून बसला होता. गार्डसाहेबाच्या तबकडीनं तो उठवला.

"दोनी येकच हाये," तो सुलतानाला म्हणाला. "येकदा बाजूबाजूले वाजवून दाखवाचं हाये. मंग माह्या इस्टोरीले कोणी हसनार नाई."

"पोचू जिता हाये का, ते तं पाहा आधी."

जिता होता. निरोप गेला, आणि मेच्या शेवटच्या बाजाराला पोचू ढोल पाठीवर बांधून आला, वाटेत तीन मुक्काम करून. सत्तरीचा, काडीसारखा, हातांची बोटं बाभळीच्या मुळांसारखी वळलेली. "सांजच्याले निघतो," त्यानं बसतानाच सांगितलं. "नद्या भरल्या की वाट बंद. अन् पुढच्या साली हे हात वाजवतीन, असं वाटत नाई."

म्हणजे आजच. या दोन तासांत.

खुर्शीदनं कसर ठेवली नव्हती. नागपूरच्या रेडिओ केंद्रात भिंतींना कापड असतं, बाहेरचं काही आत येऊ देत नाहीत, असं त्यानं ऐकलं होतं. त्यानं सुलतानाच्या निकाहातल्या रजया भिंतींवर ठोकल्या, दाराला गोधडी लावली. आत भट्टी झाली.

"माणसाची मुलाखत घेता का त्याले शिजवता?" सुलतानानं पाण्याचा लोटा आत सरकवत विचारलं.

माइक सुरू झाला. "पोचूदादा, ढोल कोणं शिकवला?"

"बापानं."

"त्याले कोणं?"

"त्याच्या बापानं. त्याच्या मांगं कोण होता ते झाडाले ठाव."

बाहेर बाजारानं दाद दिली. गोधडीतूनही ती आत आली. खुर्शीदचा चेहरा उजळला. "आता वाजवा, दादा."

पोचूनं ढोल मांडीवर घेतला, कातड्यावरून तळहात फिरवला, आणि दाराकडे पाहत बसून राहिला.

"वाजवा ना."

"पाय कुठी हायेत?"

"कोणाचे?"

"नाचनाऱ्याचे. पाय दिसले का हात उचलते. आमच्यात ढोल पायांच्या मांगं चालते, खुर्शीद. पुढं नाई."

खुर्शीदनं माइक ढोलाजवळ सरकवला. "रेडिओले पाय नसतात, दादा."

"मंग तो वाजवते कोणासाठी?"

बॅटरीवरचा लहानसा दिवा पिवळा पडू लागला होता. काहीतरी करायचं म्हणून त्यानं तबकडी लावली. ठेका उसळला. पोचूनं डोळे मिटले, कान ग्रामोफोनजवळ नेला, आणि झाडाच्या पोकळीत मध आहे का ते पाहावं तसा ऐकत राहिला.

"याच्यापुढं कोणी नाचून राह्यलं होतं," तो म्हणाला.

"नाई जी. असंच बंद खोलीत वाजवलं असन."

"टाच आयकू येते मले. भारी बाई हाये. डाव्या पायानं जोर देते."

खुर्शीदनं सुई उचलली. त्याला टाच ऐकू आली नव्हती. तीस वर्षं जपलेलं आपल्याला निम्मंच ऐकू येत होतं की काय? माइक मात्र चालूच होता. 'पाय कुठी हायेत' हे भोंग्यातून सगळ्या बाजारावर गेलं होतं, मासळीवर, मडक्यांवर, आणि कडेला चारोळी घेऊन बसलेल्या माडिया बायांवरही.

दारावर थाप पडली. "अगा खुर्शीद," गुणाबाईचा आवाज आला. "गोधडी काढ. पाय आले."

त्यानं गोधडी ओढली. उजेड आत सांडला. दुकानापुढं सात-आठ माडिया बाया टोपल्या उतरवून उभ्या होत्या, एकमेकींच्या कमरेला हात घालून, जणू कुणी बोलावलं म्हणून नाही, तर वेळ झाली म्हणून. पहिलीनं डावा पाय टाकला. रांग झुलली. पोचू उठला, बाहेर गेला, आणि हात आपोआप उचलले गेले.

धुकं नव्हतं, नदी नव्हती, भर दुपारचं ऊन होतं. तरी खुर्शीदला बैलबंडीतल्या गवताचा वास आला. तो माइक घेऊन धावला, पण वायर उंबऱ्यातच ताणली. ढोलापर्यंत पोचेना. तो खाली बसला आणि हात लांब करून माइक जमिनीशी धरला. भोंग्यातून ढोल कमी आणि पाय जास्त ऐकू येऊ लागले. मातीवर पडणाऱ्या टाचा, सगळ्या बाजारभर. मग भोंगा घोगरला आणि गप्प झाला.

"बॅटरी गेली," सुलताना मागून हळूच म्हणाली. "तुमची तबकडी बाजूले लावाची राह्यली."

"राहू दे." माइक त्यानं खाली ठेवला नाही. समोर रांग झुलत होती, गुणाबाई टोपलीवर मान हलवत होती.

सांजच्याला पोचू ढोल बांधून निघून गेला. पुन्हा आला नाही.

रजया त्याच दिवशी पलंगावर परतल्या. केंद्र पुढं बरीच वर्षं चाललं, दार उघडं ठेवून, कोंबड्यांच्या आणि घासाघिशीच्या गलक्यात. कोणीही कलाकार आला की खुर्शीद पहिला प्रश्न माइक बंद ठेवून विचारी: "तुमच्यापुढं काय लागते?" सुकलूनं आरसा मागितला. एका बासरीवाल्यानं गाय मागितली, तीही आणली.

आणि फुरसतीच्या दुपारी तो ती बिननावाची तबकडी लावून ग्रामोफोनला कान टेकवून बसे.

"आली का टाच?" सुलताना आतून विचारी.

"नाई अजून."

"डावी पाहा," ती म्हणे, आणि पीठ मळत राही.