पांढरा बॉल घेऊन संगमनेरला

नगरच्या यष्टी स्टँडवर सकाळी सात वाजता मी दुधाचा चहा प्यालो. सामन्याच्या दिवशी दुधाचा चहा, ही वीस वर्षांनंतरची नवलाई. आमची सरू, म्हणजे बायको, होती तोवर सामन्याच्या दिवशी घरात दूध हटकून नासायचं. मी खेळायला निघालो की ती काळा कोरा चहा पुढं आदळायची आणि म्हणायची, "दूध नासलं." मला वाटायचं, म्हाताऱ्यानं चड्डी घालून पळावं हे तिला पसंत नाही, म्हणून मुद्दाम करते. मी सगळ्या आळीत सांगत फिरायचो की आमच्या बाईला दूध संभाळता येत नाही. भाद्रपदात तीन दिवसांच्या तापानं ती गेली. आता घरातलं दूध नासत नाही. एकट्याला संपत मात्र नाही.

तर त्या रविवारी आम्ही अकरा जण फुटबॉल खेळायला संगमनेरला निघालो होतो. बहात्तरचा दुष्काळ पडायच्या आधीच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. संघ म्हणजे कोण, तर चार गवंडी, दोन वेल्डर, एक शिंपी आणि असेच. कप्तान इब्राहिम, तो गोलात उभा राहायचा. वेल्डिंगच्या ठिणग्या अंगावर घेतलेला माणूस, बॉलला काय भिणार? मी मागं, ब्याक. वय अठ्ठावन्न.

डोळ्यांचं सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी हळहळायला नको. मी चुनेवाला. तरुणपणी कॅम्पातल्या बराकींना चुना मारायचो, तिथंच शिपायांचं बघून फुटबॉल शिकलो. पुढं एकदा चुना विझवताना (भट्टीच्या चुनखडीवर पाणी ओतताना) हौद उसळला आणि तोंडावर आला. डावा डोळा जागच्या जागी गेला. उजव्यानं दिसतं, पण ओल्या धोतरातून बघावं तसं. माणसं म्हणजे हलते डाग. मातकट बॉल तर मातीत दिसतच नाही. पांढरं तेवढं दिसतं. म्हणून आमच्या बॉलला चुना लागायचा. मी चुना विझवून द्यायचो, बाभळीचा डिंक आणून द्यायचो, आणि सामन्याच्या दिवशी पहाटे सरू बॉल रंगवायची. नव्वद मिनिटं लाथा खाऊन बॉल घरी यायचा तो पांढराच. ती गेल्यापासून रंगवतो मीच.

यष्टीत मला खिडकी मिळाली. बॉल मांडीवर. शेजारी एक वकील बसले होते, म्हणजे काळा कोट होता म्हणून वकील. सावेडीच्या पुढं गाडीनं असा गचका दिला की बॉल माझ्या मांडीवरून त्यांच्या मांडीवर गेला.

"अहो, माझा कोट!" ते ओरडले.

"चुनाच हाय साहेब," मी म्हणालो. "झटकला की जातो."

"जातो, हीच तर अडचण हाय," मागच्या बाकावरून इब्राहिम म्हणाला.

सगळी गाडी हसली. वकील कोट झटकत पुढं जाऊन उभे राहिले. मी बॉलवरून बोट फिरवलं. बोट पांढरं.

इब्राहिम माझ्या शेजारी येऊन बसला. विडी काढली पण पेटवली नाही, त्यावरून मी ओळखलं की कडू बोलणार.

"नाना, वैनी गेल्यापासनं तीन सामने झाले. धा मिन्टात बॉल मातीच्या रंगाचा हुतो आन् तुमी हवेला लाथा घालता. तिन्ही हरलो."

"मग?"

"आज तसंच झालं तर पुढच्या रविवारपासनं तुमी मैदानावर रेषा मारा. रेषा तुमच्यासारख्या कुनालाच येत न्हाईत."

"चुन्यात मी चाळीस वर्षं घातली, इब्राहिम. एक डोळाबी घातला. मला चुना शिकवू नको."

"मग वैनींचा रंग कसा टिकायचा?"

"चुना माझा, डिंक माझा. हात तेवढा तिचा," मी म्हणालो.

त्यावर त्यानं विडी पेटवली. मी खिडकीबाहेर तोंड केलं. मला रविवार सोडून दुसरा दिवसच राहिला नव्हता. सोमवार ते शनिवार मी घरात भिंतीशी बोलायचो.

राहुरीच्या आसपास हिरवं सुरू झालं. मला ऊस वेगळा दिसत नाही, नुसती हिरवी पट्टी पळताना दिसते. पण मळीचा (साखर करताना राहतो त्या काळ्या पाकाचा) वास नाकात शिरला की कारखाना आला हे आंधळ्यालाही कळतं. आमचा शिंपी "इथं नवीन धरण झालंय, बघा बघा" म्हणून बोट दाखवत होता. मी म्हणालो, "तू बघ आणि मला संध्याकाळी शिवून दे." कोल्हारला पेरूवाल्या बायका खिडकीखाली आल्या. पेरू तिखटमीठ लावून खाल्ला. दातांत बिया अडकल्या त्या पार लोणीपर्यंत काढत बसलो. प्रवासाचं सुख म्हणतात ते एवढंच.

संगमनेरला उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. प्रवरेकडून गार वारा येत होता. मैदान नदीच्या अंगाला. मी चप्पल काढून त्यावर एक फेरी मारली, कारण मैदान मी पायांनी बघतो. गोलाजवळ भुसभुशीत, मधे खडे, आणि डाव्या कोपऱ्यात म्हशी बसत असाव्यात, हे पायाला फारच स्पष्ट कळलं.

यजमानांनी भाकरी, पिठलं आणि ठेचा वाढला. पिठलं झकास. वाढता वाढता त्यांच्यातला एक जण इब्राहिमला म्हणाला, "आजोबास्नी पंच म्हनून आनलंय का?"

"ब्याक हायेत आमचे."

"दिसतं का त्यास्नी?"

"मला ऐकू येतं," मी म्हणालो. "ठेचा वाढ."

सामना दोनला सुरू झाला. माझ्यासमोर त्यांचा एक तालमीतला गडी होता. लाल बनियन, धावला की जमीन हादरायची. पहिली दहा मिनिटं मी त्याला जाम केला. बॉल पांढरा, मी त्याच्यावर. एकदा लाथेनं, एकदा ढोपरानं, एकदा सरळ तोंडावर घेतला. मग ज्याची भीती होती तेच झालं. बॉल मळला. चुना बॉल सोडून सगळीकडं लागला होता. लाल बनियनच्या कपाळावर, शिंप्याच्या केसांत, पंचाच्या पाठीवर. बॉल कुठं आहे देव जाणे.

आणि मग उजव्या अंगानं पांढरं काहीतरी जमिनीवरून वेगानं येताना दिसलं. मनात म्हटलं, आला! मी सगळा जीव पायात आणून लाथ घातली. लागली हलकी, पण उडालं झकास. सगळ्या मैदानावर हसण्याचा लोंढा. वाऱ्यानं उडालेली ती काठावर बसलेल्या प्रमुख पाहुण्यांची टोपी होती. मी ती नदीकडं पाठवली, तोवर लाल बनियननं बॉल आमच्या गोलात पाठवला.

इब्राहिम जाळ्यातून बॉल काढत म्हणाला, "नाना, रेषा."

एवढंच. मध्यांतर होईपर्यंत मी मैदानावर खांबासारखा उभा होतो.

मध्यांतराला मी मैदानाकाठच्या चहाच्या टपरीवर गेलो. टपरी एका म्हातारीची, सगळे तिला आक्का म्हणत होते. मी तंबाखू काढायला पिशवीतून बटवा काढला. बटवा म्हणजे सरूनं रंगवलेला शेवटचा बॉल. त्याचं ब्लॅडर फुटलं, कातडं राहिलं. दुसरं कुणी हार घालून ठेवलं असतं. मी त्यात तंबाखू ठेवतो. ती असती तर तिनंही तेच केलं असतं, वर शिवी दिली असती.

"टोपीवाले तुमीच का?" आक्का म्हणाली.

"मीच."

"चांगली मारली. लई मिजास हाय त्या पाव्हन्याला. पर तो बॉल धुतल्यावानी झालाय आन् हा बटवा पांढराफेक. ह्यो कशानं रंगवला?"

"चुना आन् डिंक."

तिनं कातडं माझ्या हातातून घेतलं. नखानं खरवडलं. मग त्यावर गरम पाणी ओतलं. माझा तंबाखू भिजला. मी ओरडलो, तिनं लक्ष दिलं नाही.

"डिंक कसला? डिंक असता तर विरघळला असता. दूध हाय ह्यात. नासलेलं. आमी गोठ्याच्या भिंतीला हेच मारतो. नासक्या दुधात चुना घोटला की निघत न्हाई, पावसातबी न्हाई. कुनी रंगवला?"

मी बटव्यातला भिजलेला तंबाखू झटकून टाकला. मी दिलेला सगळा डिंक सरू काय करत होती, कुणास ठाऊक. बाळंतिणींना लाडवात देत असेल. पण वीस वर्षांचा कोरा चहा माझ्या घशाशी आला. वीस वर्षं तिनं माझं दूध बॉलला पाजलं आणि चाळीस वर्षांच्या चुनेवाल्याला एका शब्दानं सांगितलं नाही. सांगून मी ऐकलं असतं का? 'बाईमाणसानं मला चुना शिकवू नये' असंच म्हणालो असतो. तिला ते ठाऊक होतं. म्हणून ती 'दूध नासलं' एवढंच म्हणायची, आणि मी तिलाच नावं ठेवायचो.

"आक्का, नासलेलं दूध हाय का?"

"सकाळचं फाटलंय भांडंभर. टाकनारच हुते."

तंबाखूच्या डबीतला चुना पुरणार नव्हता. रेषा मारायच्या चुन्याची बादली आणली. मी खाली बसून बॉल मांडीत धरला आणि हातानं चोळत सुटलो. वास असा की माशांनाही पळ काढावासा वाटेल. आता सुकायला वेळ हवा. इब्राहिमनं माझ्याकडं बघितलं आणि पंचाला म्हणाला, "माझी नमाज ऱ्हायलीय." तो कडेला जाऊन उभा राहिला. त्या दिवशी त्यानं नमाज इतकी सावकाश पढली की त्यांचा कप्तानच कुजबुजला, "लई धार्मिक मानूस दिसतोय." ऊन रणरणीत होतं. बॉल वाळला.

दुसऱ्या अर्ध्यात बॉल दिसत होता. एवढंच लिहितो, कारण यापेक्षा मोठं काही लिहायला मला येत नाही. खड्यांत पडला, म्हशींच्या कोपऱ्यात पडला, तरी दिसत होता. लाल बनियन सात वेळा आला. सातही वेळा मी आडवा गेलो. शेवटच्या वेळी दोघंही पडलो, तो माझ्यावर. उठताना म्हणाला, "आजोबा, मगाशी कुटं हुता?"

"मगाशी माझी बायको आली नव्हती," मी म्हणालो. त्याला काही कळलं नाही. बरंच झालं.

सामना हरलो. एक शून्य. मला पराक्रमाच्या थापा मारायची सवय नाही. आमच्या फॉरवर्डांना दोन्ही डोळे असून गोल दिसला नाही, त्याला मी काय करू? निघताना आक्काला राम राम केला. तिनं चहा दिला, दुधाचा. मी म्हणालो, "कोरा द्या."

परतीच्या यष्टीत बॉल मांडीवर होता. शेजारी पांढऱ्या साडीतली बाई होती, ती वासानं उठून गेली. राहुरी मागं पडल्यावर इब्राहिम पुढं वाकला आणि म्हणाला, "नाना, पुढच्या रविवारी रेषा शिंप्याला मारायला लावतो."

"वाकड्या मारील."

"मारू दे."

लोक प्रवासाला जातात, डोंगर बघतात, देवळं बघतात, आणि घरी येऊन सांगतात. मी संगमनेरला जाऊन माझ्याच घरातलं बघून आलो. लग्नाला छत्तीस वर्षं झाल्यावर, आणि तेही ती गेल्यावर. जे काही दिसतं ते मला उशिराच दिसतं, डोळ्यांवर सगळं ढकलण्यात अर्थ नाही.

पुढच्या शनिवारी मी दूध आणून मुद्दाम उघडं ठेवलं. रविवारी पहाटे ते छान नासलं होतं. बॉल रंगवून दोरीवर टांगला आणि कोरा चहा केला. कडूजहर झाला होता. "दूध नासलं," मी चुलीकडं बघून म्हणालो, आणि सगळा प्यालो.