पदराने पुसलेला चष्मा

चष्मेवाल्यांनी माझी नवी काच रबरी कड्यावर ठेवली, डोक्याइतक्या उंचीवर पोलादी गोळी धरली आणि सरळ सोडून दिली. मी किंचाळलेच. "अहो, काय करताय!"

काचेला ओरखडासुद्धा नव्हता. "तापवून कडक केलीय, ताई. लांबचं, मधलं, जवळचं, सगळं या एकाच काचेतून दिसेल. प्लॅस्टिकपेक्षा जड आहे, तेवढं सोसा."

मग त्यांनी माझा जुना, प्लॅस्टिकचा चष्मा दिव्यासमोर धरला. त्याच्यावर बारीक, गोल गोल असंख्य चरे होते. मोतीबिंदू समजून वर्षभर घाबरत होते, तो धूसरपणा हा!

"हे कुणी केलं?"

"तुम्हीच. पदराने पुसता ना?"

मी गारच पडले. चष्मा एकदाही हातातून पडला नव्हता. दिवसातून दहादा मायेनं पुसून पुसून मीच त्याला आंधळं केलं होतं.

घरी आले, तर लेक नुकतीच कामावरून येऊन चपला काढत होती. जेवलीस का, उशीर का, चेहरा का उतरलाय, सगळं रोजच्यासारखं ओठांवर आलं. मी ते गिळलं.

ती दचकली. "आई, बरी आहेस ना?"