लाल दोऱ्यातला पत्ता

हां, तर काल कुठं थांबलो होतो? टेलरबाईने चौदाही पट्ट्या पिशवीत कोंबल्या आणि ती तणतणत निघाली, तिथं. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो.

टेलरबाई माझी शेजारीण. दुकान दोन गल्ल्या पलीकडे: एक मशीन, एक आरसा आणि खोकंभर लोकांची मापं. माप ती कागदावर लिहीतच नाही. कापडाच्या पट्टीवर लाल दोऱ्याने आकडे काढते. "कागद भिजतो, फाटतो, हरवतो. टाका कुठं जातोय?"

घरी तिची थोरली बहीण, अक्का. आईबाप लवकर गेले, तेव्हा अक्कानेच हिला आणि धाकट्या भावाला लहानाचं मोठं केलं. आता अक्काचे पाय तिचं ऐकत नाहीत आणि अक्का कुणाचं ऐकत नाही. उठू नकोस म्हटलं की हमखास उठते आणि पडते. म्हणून बाईने घरात कॅमेरा बसवून घेतला. बसवणाऱ्याने एक आकडा दिला, चार तुकड्यांचा, मध्ये टिंबं. म्हणाला, "हा तुमच्या घराचा इंटरनेटवरचा पत्ता. दुकानात मोबाईलवर टाका, अक्का दिसतील."

बाईने तो पत्ता लाल दोऱ्यात शिवला आणि पट्टी मशीनशेजारच्या खिळ्याला टांगली. दुसऱ्या दिवशी वीज गेली, आली आणि अक्का मोबाईलमधून गडप! घराचा आकडाच बदलला होता.

मला हे चटकन कळलं बरं का. आमच्या गावच्या शाळेत पोरं उदंड आणि बाकं मोजकी. येईल त्याने रिकामी जागा धरायची. पाणी प्यायला उठलास की जागा गेली, परत आलास की दुसरी शोध. कायमची खुर्ची एकट्या गुरुजींची. इंटरनेट कंपनीचा कारभार तसाच. घरगुती गिऱ्हाइकं म्हणजे बाकावरची पोरं.

मग वीज गेली-आली की बाईचा मला फोन, "आजोबा, नवा आकडा सांगा!" मी त्यांच्या घरी जाऊन, चष्मा नाकावर सरकवून मोबाईलवर नवा आकडा काढून तिला वाचून दाखवायचो आणि अक्का खुर्चीतून ओरडायची, "टिंब गिळलंत! टिंब!" तिकडे बाई नवी पट्टी शिवायची. अशा झाल्या तेरा.

तेरावीनंतर तिने इंटरनेटच्या डब्याला बॅटरी जोडली. भिंतीवर चिठ्ठी लावली, 'हात लावाल तर बोटं शिवीन.' पाच दिवस आकडा हलला नाही. बाई खूश, मी खूश. सहाव्या दिवशी वीज होती, बॅटरी होती, चिठ्ठीही होती, तरी कंपनीने आपण होऊन आकडा फिरवला. मी त्या दिवशी दात दाखवायला गेलेलो. मोबाईल कोरा झाला, तेव्हा बाईला वाटलं नेहमीचंच. हातातली कॉलर संपवून जाऊ. घरी पोचली तर अक्का जमिनीवर. अर्धा तास तशीच पडलेली. हाड मोडलं नव्हतं, एवढंच नशीब.

भाऊ धावत आला. म्हणाला, "ताई, पुरे झालं. रविवारी मी अक्काला वृद्धाश्रमात नेतो. निदान तिथं बघायला माणसं आहेत."

अक्का एरवी तोफ. त्या दिवशी नुसती खिडकीकडे बघत बसली. ते बाईला सोसलं नाही. चौदावी पट्टी शिवली आणि सगळ्या घेऊन थेट कंपनीच्या कचेरीत गेली. अक्कापाशी माझ्या घरच्यांना बसवून मीही मागोमाग, मला काय दुसरं काम!

तिने काउंटरवर पट्ट्या ओळीने मांडल्या. "ही माझ्या घराची मापं. माणूस महिन्यात चौदा वेळा जाड-बारीक होतो का हो?"

कारकून गालात हसला. "बाई, घरगुती जोडणीला बदलताच पत्ता असतो. कायमचा पत्ता दुकानांना, कचेऱ्यांना."

"माझं दुकान आहे की."

"मग दुकानात देऊ."

"दुकानात मी स्वतः बसलेली असते. तिथं काय बघू, माझंच तोंड?"

मागच्या रांगेतला एक जण फिसकन हसला. कारकुनाने अर्ज पुढे सरकवला. म्हणाला, घरासाठी हवा तर कारण लिहा, वर साहेबांची सही लागेल आणि साहेब आत कामात आहेत. बाईने कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'बहीण पडते.' मग बाकावर बसून पिशवीतून शर्ट काढला आणि काजं करायला लागली. संध्याकाळी कचेरी बंद झाली, उठली. सकाळी पुन्हा तोच बाक.

तिसऱ्या दिवशी कारकून टेकीला आला. "अहो, किती दिवस बसणार आहात इथं?"

"अजून बावीस काजं आहेत," बाई मान वर न करता म्हणाली.

तो उठून आत गेला आणि सही घेऊनच बाहेर आला. शुक्रवारी कायमचा पत्ता मिळाला. बाईचा विश्वास बसेना. तिने डबा तीनदा बंद केला, तीनदा चालू केला, आकडा तोच! मग पंधरावी पट्टी शिवली, दुहेरी दोऱ्याने.

रविवारी भाऊ हजर. माळ्यावरून अक्काची बॅग काढून त्याने दारात ठेवलेली. बाईने त्याला दुकानात नेलं, मोबाईल हातात दिला. पडद्यावर अक्का, खिडकीपाशी, माझ्याशी तावातावाने भांडताना. भाऊ बराच वेळ बघत राहिला. घरी परत आला तरी शंका जाईना. "ताई, पत्ता पक्का झाला, मान्य. पण ती पडलीच तर? मोबाईल काय उचलणार आहे तिला?"

अक्काने माझा हात घट्ट धरला. बाई म्हणाली, "उचलायला मी आहे. दुकानापासून घर तीनशे दहा पावलं, मोजलीत मी. पळायला मी कधीच कंटाळले नाही, कधी पळायचं तेवढंच कळत नव्हतं. ते आता कळतं. जा, बॅग माळ्यावर ठेव आणि उतरताना त्या डब्याच्या वायरीला धक्का लावू नकोस."