उत्सवाच्या दुसऱ्या दिवशी

महाशिवरात्रीच्या दुसऱ्या दिवशी मुद्दाम देवदर्शनाला येणारा माणूस मी बाबूराव मोहित्यांच्या आधी पाहिला नव्हता. खांदेश्वराच्या देवळात आदल्या दिवशीचा बेल कोपऱ्यात सुकत पडलेला असे, मांडववाले बांबू उतरवत असत, आणि मोहिते धुतलेला पांढरा सदरा घालून गाभाऱ्यासमोर एकटेच ऐसपैस उभे असत. ते आमच्याच सोसायटीत, माझ्या खालच्या मजल्यावर राहत. पहिल्या भेटीत मी विचारले, "काल आला नाहीत?"

"काल देव ड्युटीवर होता, शास्त्रीबुवा," ते म्हणाले. "आज घरी आहे. घरी भेटलेलं बरं."

मी आयुष्यभर संस्कृत शिकवले. पंचांग उघडल्याशिवाय माझा दिवस सुरू होत नाही. व्रताचे अर्धे पुण्य त्याच्या वेळेत असते, अशी माझी श्रद्धा. त्यामुळे त्यांचे हे बोलणे मला प्रथम रुचले नाही. तिथी टळली की उरते ती केवळ सोय, असे मी त्यांना पुष्कळदा सांगून पाहिले. ते हसत आणि म्हणत, "तिथी माणसाला. देवाला कुठलं आलंय कॅलेंडर?"

त्यांच्या या स्वभावाचे मूळ त्यांच्या नोकरीत होते. ते बसचे कंडक्टर होते. "जन्मभर लोकांना 'पुढे सरका, पुढे सरका' म्हणत आलो. आता मी कोणाच्या सांगण्यावरून सरकणार नाही," ही त्यांची निवृत्तीची प्रतिज्ञा. गणपती पाहायला ते पहाटे जात, आंबे मोसम उतरल्यावर आणत, लग्नाला मुहूर्त उलटून, पंगती उठल्यावर पोहोचत. यजमान संकोचत. मोहिते मात्र रिकाम्या खुर्च्यांमध्ये समाधानाने जिलेबी खात.

त्यांना एक नात होती, ईश्वरी. घरात ईशू. पनवेलच्या पुढे जे थीम पार्क आहे, तेथे लहान मुलांसाठी बोगद्यातून जाणारी एक इवलीशी आगगाडी आहे. बालवाडीतल्या कोणा मैत्रिणीने तिचे वर्णन केले, आणि ईशूने आजोबांकडून वचन घेतले. गाडीचा नियम असा, की मूल ठरावीक उंचीच्या आत असावे आणि त्याच्याबरोबर घरचे एक मोठे माणूस बसावे. "तुम्ही टीटी व्हायचं, आजोबा. बोगद्यात माझं तिकीट तपासायचं," असे तिने ठरवून टाकले होते. मोहित्यांनी त्यासाठी आपला जुना तिकीट पंच शोधून, तेल घालून ठेवला होता. तो त्यांनी मलाही मोठ्या कौतुकाने दाखवला.

परंतु सुट्टी आली की गर्दी येई. मे महिन्यात एकदा ते तिला घेऊन फाटकापर्यंत गेले, रांग पाहिली आणि उसाचा रस पाजून परत आले. "धक्के खायला तिकीट कशाला काढायचं?" असे त्यांनी मला सांगितले. भिंतीपलीकडून गाडीची शिट्टी ऐकू येत होती, हे ईशूने सांगितले. पुढे दिवाळी गर्दीची गेली, मग पुन्हा मे. प्रत्येक वेळी "निवांत जाऊ" हा शब्द ते इतक्या प्रेमाने देत, की तो मोडला जात आहे हे कोणाच्या ध्यानात येत नसे.

मग एका नाताळच्या सुट्टीत पार्कवाल्यांनी जाहीर केले, की काही दिवस नेहमीची वेळ संपल्यावर, स्वतंत्र तिकिटावर, मोजक्याच लोकांसाठी फाटक पुन्हा उघडेल. मोहिते ती जाहिरात घेऊन जिना चढून माझ्याकडे आले. "बघा शास्त्रीबुवा! माझ्यासारख्या डोक्याचा कोणीतरी मॅनेजर झालाय. तुम्ही पण चला."

धोतर-उपरण्यात मी तेथे कसा दिसलो असेन, ते देव जाणे. एका कुटुंबाने मला कार्यक्रमातलेच पात्र समजून माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला. झाडाझाडांवर दिवे लावले होते, रस्ते मोकळे होते. मोहित्यांनी दोन्ही हात पसरले. "जागा बघा, जागा! डेपोतून निघालेली पहिली गाडी!"

हळूहळू त्या मोकळेपणाची दुसरी बाजू दिसू लागली. थंडीमुळे पाण्याचे खेळ बंद होते. बाहुल्यांचा खेळ दिवसाच होत असे. ईशू फिरत्या विमानात लागोपाठ तीनदा बसली, कारण रांगच नव्हती, आणि उतरून म्हणाली, "आजोबा, कोणी ओरडतच नाहीये. मी एकटी कशी ओरडू?"

"आपल्या गाडीत ओरड," मोहिते म्हणाले आणि खिशातला पंच चाचपत पुढे निघाले.

आगगाडीच्या दाराशी रंगवलेला लाकडी जिराफ होता. त्याच्या मानेवर उंचीची रेघ. लाल टोपी घातलेल्या मुलीने ईशूला रेघेखाली उभे केले. ईशू बोटभर वर गेली. त्या मुलीने कठड्यापाशी उभ्या असलेल्या साहेबांकडे पाहिले आणि आवाज खाली आणला. "सॉरी काका. दिवसा गर्दीत एवढं कोण बघतं हो, बसवून टाकलं असतं. आज सगळे वरचे इथेच उभे आहेत."

"केस असतील गं. वेणी वर बांधलीय तिची," मोहिते म्हणाले.

मुलीने केस दाबून पाहिले. त्याच क्षणी ईशूने फ्रॉकच्या आत गुडघे किंचित वाकवले. ते मला दिसले, आणि मोहित्यांनाही. त्यांचा चेहरा एकदम उतरला.

"सरळ उभी राहा, बाळा," ते हळूच म्हणाले. मग त्या मुलीकडे वळून बोलले, "तुझी काही चूक नाही, पोरी. मी कंडक्टर होतो. हाफ तिकिटासाठी आया पोरांना अशाच वाकायला सांगायच्या. गाडी भरलेली असली की मी बघितलं न बघितलं करायचो. रिकाम्या गाडीत, समोर चेकर उभा असला, की नाही जमायचं."

दोन लहानग्यांना आणि त्यांच्या वडिलांना घेऊन गाडी बोगद्यात शिरली. ईशूने आजोबांचे बोट धरून ओढले. "चला ना. मला नव्हतंच बसायचं. ती बाळांची गाडी आहे."

इतक्या लहान वयात समोरच्याचे मन राखण्यासाठी असे बोलावे लागू नये, असे मला वाटले. परतताना रिक्षात ती माझ्या खांद्यावर झोपून गेली. मोहिते हातातला पंच उघडमीट करत होते. करंजाड्याचे दिवे मागे पडल्यावर ते म्हणाले, "शास्त्रीबुवा, तुमचंच खरं. तिथी टळते हो." इतकी वर्षे मी ज्या संमतीची वाट पाहिली होती ती मिळाली, आणि मला तिचा आनंद झाला नाही.

त्यानंतरच्या महाशिवरात्रीला, ऐन उत्सवाच्या दिवशी, ते ईशूला घेऊन माझ्यामागे रांगेत उभे राहिले. उन्हाने आणि रेटारेटीने त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. मागून कोणी तरुण ओरडला, "ओ आजोबा, पुढे सरका ना!"

मी चपापून वळलो. मोहिते मात्र ईशूच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून म्हणत होते, "सरकतो, राजा. सरकतो." दर्शन क्षणभराचेच झाले. बाहेर आल्यावर ईशूने विचारले, "आजोबा, दिसला का देव?" ते म्हणाले, "नीट नाही दिसला. पण तू दिसत होतीस की समोर."

पुढच्याच भाद्रपदात मोहिते गेले. दुखणे थोड्याच दिवसांचे होते. त्याला आता काही वर्षे झाली. तिकीट पंच ईशूकडे आहे. तिने तो शाळेच्या दप्तरात ठेवला आहे, असे तिची आई सांगते. तिची उंची आईच्या खांद्याला लागली आहे.

यंदा महाशिवरात्रीला मी नेमाप्रमाणे रांगेत उभा राहून दर्शन घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. पंचांगात त्याला आधार नाही. मांडववाले बांबू उतरवत होते. बेल कोपऱ्यात सुकत होता. गाभाऱ्यासमोर कोणी नव्हते. हात जोडताना मी थोडा पुढे सरकलो आणि शेजारी एका माणसाची जागा ठेवली.