चार बोटं वर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. पुण्याच्या बहिणीलाही नाही, आणि तिला तर मी भाजीत मीठ जास्त पडलं तरी फोन करून सांगते. आता तुम्हाला सांगायला बसले आहे, तर सुरुवात कुठून करू? बदकांपासून? की बाबांच्या हातापासून?

हातापासूनच करते. बाबा तीस वर्षं स्टील प्लांटमध्ये फर्नेसवर, म्हणजे भट्टीवर होते. ज्वाळेचा रंग बघून, तळहात पुढे धरून ते गरमी सांगायचे, आणि यंत्रावर आकडा मागून तोच यायचा — असं त्यांचे सोबती घरी येऊन सांगत. आमचा ताप ते कपाळाला हात लावून सांगायचे. थर्मामीटर कपाटात पडून. मला या कौतुकाचा थोडा कंटाळाच यायचा, खोटं कशाला बोलू?

आई गेल्यावर मी स्मृति नगरच्या घरी त्यांच्यापाशी राहायला आले. ते दिवसभर नुसते खुर्चीत बसून असत. मग एक दिवस कुठूनशी बदकाची नऊ अंडी घेऊन आले. खोका, त्यात कोंडा, वर दोरीने टांगलेला बल्ब. अठ्ठावीस दिवस अंडी उलटत होते. दर वेळी एक अंडं मिटल्या पापणीला लावून ऊब बघायची, आणि बल्ब कधी एक बोट वर, कधी दोन बोटं खाली. सहा पिल्लं निघाली. त्या दिवशी बाबांनी स्वतःहून दाढी केली, आई गेल्यानंतर पहिल्यांदा.

पिल्लं पाच दिवसांची होती. नोव्हेंबर होता, बाबा हयातीचा दाखला द्यायला बँकेत निघाले. दारातून मागे वळले.

"पाण्यात टाकू नोको वं बाई. यायले आई नाही. आईच्या पखाचं तेल अंगाले लागते, तवा पानी आत शिरत नाही. हे भिजले का गारठतेत."

मी ऐकलं होतं. विसरले असं म्हणायची सोय नाही.

मग बहिणीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे नेहमी दाखवायला काहीतरी असतं — नवा फ्लॅट, मुलीचं बक्षीस. माझ्याकडे काय होतं? मी कपड्यांचा टब अर्धा भरला आणि सहाही पिल्लं त्यात सोडली. पोहली हो, खरंच पोहली! बहीण खिदळायला लागली, आणि मला इतकं बरं वाटलं. मग तिच्या सासूचा विषय निघाला, आणि मी बोलत बोलत आतल्या खोलीत गेले. किती वेळ? अर्धा तास तरी. एवढं काय बोललो, ते आता आठवतही नाही.

परत आले तर पिल्लं भिजून आकाराने निम्मी झाली होती. दोन नुसती तरंगत होती. मी सगळी उचलली, टॉवेलने पुसली, बल्बखाली धरून चोळली. आणखी दोन माझ्या हातातच थंड पडली.

इथवर चूक म्हणता येईल. पण मग मी काय केलं? टब ओतला, उन्हात उलटा घातला. मेलेली पिल्लं पार कोरडी होईतो पुसून परत खोक्यात ठेवली. आणि मग — बल्बची दोरी सोडली, चार बोटं वर घेतली आणि बाबा मारतात तशीच गाठ मारली. रागावतील म्हणून? बाबा माझ्यावर कधी रागावले नव्हते. मला लाज वाटत होती, आणि ती कुणाच्या तरी अंगावर टाकायची होती. घरात दुसरं होतं कोण?

बाबा आले. खोक्यात पाहिलं. बराच वेळ बल्बखाली हात धरून उभे राहिले.

"माह्याकडूनच उंच बांधल्या गेला काय वं?"

"हो बाबा," मी म्हटलं. "मले बी आताच दिसलं."

उरलेली दोन पिल्लं त्यांनी रुआबांध्याला एका ओळखीच्या घरी देऊन टाकली. "माह्या हाताचा आता भरोसा नाही," एवढंच म्हणाले. त्यानंतर आंघोळीचं पाणी किती गरम आहे तेही मला बघायला सांगायचे. मी बालदीत हात घालायचे, "ठीक आहे" म्हणायचे. दोन वर्षं, रोज सकाळी. सांगता आलं नसतं का?

मागच्या थंडीत एका दुपारी त्यांनी हाक मारली. गोधडी पांघरून बसले होते.

"पाह्य बरं बाई, ताप आहे का मले? मले समजून नाही राहिलं."

कपाळ तापलेल्या तव्यासारखं होतं. "आहे," मी म्हटलं. त्यांनी माझा हात तिथेच धरून ठेवला.

"तुले बरोबर समजते," म्हणाले.

नऊ दिवसांनी ते गेले. शेवटपर्यंत शुद्धीवर होते. मी जवळच बसून होते.